वेबपॅकचा '@' एलियस एडिटरला कळतो, बिल्डला नाही. काय करावं?

धागाकर्ता:
मंडळी, दुसरी फाईल मागवणारे इम्पोर्ट ../../../../ असे लांबत गेले. एक फाईल हलवली की दहा ठिकाणी ठिपके मोजायचे. म्हणून टीएसकॉन्फिगच्या (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग फाईलच्या) 'पाथ्स'मध्ये '@' म्हणजे एसआरसी फोल्डर असा एलियस, म्हणजे टोपणनाव, लिहिला. एडिटरमध्ये क्लिक केलं की बरोबर फाईल उघडते, पण बिल्ड करताना सगळ्या फाईली एकत्र बांधणारा वेबपॅक ५ 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणून थांबतो. खाली 'फील्ड ब्राउझर डझन्ट कन्टेन अ व्हॅलिड एलियस कॉन्फिगरेशन' असंही येतं. पॅकेज.जेसनमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमध्ये) ब्राउझर फील्ड घालू का?

प्रतिसाद १:
अजिबात नको. ती ओळ म्हणजे चूक नव्हे, रिझॉल्व्हर (वेबपॅकचा फाईल शोधणारा भाग) कुठे कुठे शोधत गेला त्याची नोंद आहे. तिच्या आसपास 'डझन्ट एक्झिस्ट' लिहिलेले पाथ असतात, ते नीट वाचा.
'पाथ्स' टाइपस्क्रिप्टपुरतं असतं. त्यावरून टाइप तपासले जातात, तयार झालेल्या कोडमध्ये इम्पोर्ट आहे तसाच राहतो. वेबपॅक ते वाचत नाही, त्याला रिझॉल्व्ह.एलियस वेगळा द्यावा लागतो.

धागाकर्ता:
दिला, './एसआरसी' असा. तरी तेच.

प्रतिसाद १:
मग त्या नोंदीत एसआरसी/एसआरसी असा जोडपाथ दिसत असणार. './'ने सुरू होणारा पाथ इम्पोर्ट करणाऱ्या फाईलच्या फोल्डरपासून धरला जातो. पाथ.रिझॉल्व्ह वापरून, __डिरनेमपासून (कॉन्फिग फाईल ज्यात आहे त्या फोल्डरपासून) पूर्ण पाथ द्या.
रिझॉल्व्ह.एक्स्टेन्शन्सही बघून घ्या. मुळात त्यात .जेएस, .जेसन आणि .वॅझम एवढेच असतात. .टीएस, .टीएसएक्स घालताना शेवटी '...' ठेवा, नाहीतर मूळची यादी पुसली जाते.

धागाकर्ता:
झालं! एसआरसी/एसआरसीच होतं. मनापासून आभार. आता जेस्टच्या (टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या) टेस्ट '@'वर अडतायत.

प्रतिसाद २:
जेस्ट वेबपॅकचं कॉन्फिग बघत नाही. त्याच्या मॉड्यूलनेममॅपरमध्ये '^@/(.*)$' हा पॅटर्न द्या, टेस्ट चालतील. पण एकच एलियस तीन फाईलींत सांभाळणं मला पटत नाही. उद्या फोल्डरचं नाव बदललं की एक जागा हमखास राहून जाते.
नवा प्रोजेक्ट असेल तर पॅकेज.जेसनमधलं 'इम्पोर्ट्स' वापरा. नाव '#'ने सुरू करायचं, उदाहरणार्थ '#ॲप/*'. नोडला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) ते मुळातच कळतं, वेबपॅक ५ लाही. टाइपस्क्रिप्ट ५ मध्ये मॉड्यूलरिझोल्यूशन 'बंडलर' ठेवलं की तिथे 'पाथ्स'ची गरज उरत नाही. फक्त नोड एक्स्टेन्शनचा अंदाज बांधत नाही, ते तुम्हालाच लिहावं लागतं. चालू प्रोजेक्टमध्ये मात्र शेकडो '@' बदलत बसू नका. मॅपर घाला आणि पुढे चला.