मुलीची डान्स टीममध्ये निवड झालीये, आधी काय विचारून घेऊ?

कोथरूडकर_आई: लेक नऊ वर्षांची, आत्तापर्यंत नुसता हॉबी क्लास होता, आता सर म्हणतायत कॉम्पिटिशन टीममध्ये घेतो, फॉर्म या आठवड्यातच भरा. ती तर हवेतच आहे. फी सोडून अजून काय काय लागतं?

सिंहगडरोडवाला: फी म्हणजे सुरुवात हो! कॉस्च्युम, एंट्री फी, मेकअप, बाहेरगावी स्पर्धा असली की तुमचंही तिकीट न् राहणं. आमच्याकडे केसांच्या गंगावणाचेसुद्धा वेगळे पैसे घेतले, आता ते कपाटात पडलंय. सगळं लेखी मागा, मधेच सोडलं तर रिफंडचं काय तेही.

निगडीची_मावशी: तारखा आधी घ्या. ग्रुप डान्समध्ये एक पोर नसलं की फॉर्मेशन बिघडतं, त्यामुळे सहामाही असो की घरचं लग्न, सुट्टी मागितली की तोंडं वाकडी होतात.

जुना_पालक: फ्लोअर बघा राव, पैशाचं नंतर. नुसत्या फरशीवर तास न् तास उड्या मारल्या की गुडघे-घोटे दुखणारच, लाकडी फ्लोअर किंवा मॅट हवी, वॉर्मअप हवाच. एक प्रॅक्टिस बसून बघा, आणि बसूच देत नसतील तर दुसरा क्लास शोधा.

कोथरूडकर_आई: फरशीच आहे तिथे. उद्या विचारते.