कृष्णा-गोदावरी 'खोऱ्यात' तेल? खोरे, द्रोणी की बेसिन?

नाशिककर
रद्दी बांधताना सासऱ्यांच्या हाती जानेवारी २०२४चा पेपर लागला. त्यात 'कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून तेल उत्पादन सुरू' अशी बातमी. तेव्हापासून माझ्यामागे लागलेत, 'गोदावरी आपल्या त्र्यंबकची, मग तेल आंध्रवाल्यांनाच कसं?' नकाशा काढून पाहिला तर विहिरी नदीकाठी नाहीतच, काकीनाड्यासमोर खोल समुद्रात. समुद्रात खोरं कुठून आलं? शब्द चुकलाय की माझं भूगोलाचं पुस्तक?

खडकवाला
शब्द चुकलाय. ज्या प्रदेशावरचा पाऊस वाहत जाऊन एका नदीला मिळतो, ते त्या नदीचं खोरं. त्र्यंबक, पैठण, नांदेड, सगळं गोदावरीच्या खोऱ्यात. तेलवाल्यांचं बेसिन निराळं. पाणी आज कुठे वाहतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन कुठे खचत गेली आणि त्या खळग्यात किती गाळ साचला, एवढंच ते बघतात. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून बातमी उतरवणारा डोळे मिटून 'खोरे' लिहितो. कृष्णा-गोदावरी बेसिन म्हणजे या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशाखाली आणि पुढे समुद्रतळाखाली पसरलेली गाळाच्या थरांची थप्पी. बाडमेरचं मंगला तेलक्षेत्र २००४मध्ये सापडलं, वाळवंटात. तिथे 'राजस्थान खोरे' लिहून बघा, कानाला कसं लागतं ते.

देशात अशी २६ बेसिन मानली आहेत, मिळून सुमारे ३३.६ लाख चौरस किलोमीटर. दख्खनच्या काळ्या कातळाखालचा भागही त्या यादीत आहे बरं का, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तो त्याआधीच्या गाळावर. पण यादीत नाव असलं म्हणजे तेल असतंच असं नाही. सासऱ्यांना सांगा, रामकुंडावर पंप बसणार नाही.

उरणची
'बेसिन' लिहायला माझी हरकत नाही, पण आमच्या घरात बेसिन म्हणजे हात धुवायचं. आणखी एक गंमत. बाबा समुद्रात प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला असायचे, चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. लहानपणी मला वाटायचं, 'बॉम्बे हाय' म्हणजे समुद्रात उभी असलेली कसली तरी उंच इमारत. मग बाबांनी जेवता जेवता ताटात भाताचा ढीग केला, वर पालथी वाटी ठेवली आणि म्हणाले, 'हा हाय.' समुद्राच्या तळाखाली चुनखडकाला आलेला उंचवटा, वर चिकणमातीच्या खडकाचं झाकण. तेल पाण्यापेक्षा हलकं, वर वर सरकतं आणि वाटीखाली अडकतं. म्हणजे बेसिन खोलगट, आणि तेल मिळतं त्यातल्या उंचवट्यावर! १९७४मध्ये 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगने भोक पाडलं ते याच उंचवट्यावर, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर.

या अडकण्याच्या जागेला ते 'ट्रॅप' म्हणतात, मराठीत 'सापळा' चपखल बसतो. फक्त 'डेक्कन ट्रॅप'चा, म्हणजे दख्खनच्या त्या काळ्या कातळाचा, सापळा करू नका. तो ट्रॅप स्वीडिश भाषेतला, अर्थ पायऱ्या. सह्याद्रीचे टप्पे आठवा.

शब्दवेडा
माझं मत द्रोणीला. पळसाच्या पानांचा द्रोण डोळ्यासमोर आणा, मध्ये खोल, कडा वर, आत ओतलेलं साठून राहतं. हवामानाच्या बातम्यांत 'द्रोणीय स्थिती' आहेच. खोऱ्यातून पाणी निघून जातं, द्रोणीत साचतं. फरक एवढाच आणि तोच महत्त्वाचा.

मात्र गाळाच्या बेसिनला 'अवसादी द्रोणी' नको. हिंदीत अवसाद म्हणजे मनाची खिन्नताही, आपल्याकडे लोक 'अवसान' समजतील. शब्द तसा वाईट नाही. अव + सद्, म्हणजे खाली बसणे. लॅटिनमधला 'सेडिमेंट' याच मुळाचा भाऊ. विषाद, प्रसाद हीदेखील 'सद्'चीच पोरं. प्रसादचा जुना अर्थ निवळपणा, गढूळ पाण्यातला गाळ खाली बसल्यावर वर उरतो तो. पण रोजच्या लिखाणात 'गाळाची द्रोणी' पुरे.

खडकवाला
द्रोणी मान्य. 'प्राचीन' लिहिताना मात्र थांबा. आपल्या अतिप्राचीन द्रोण्यांना भूशास्त्रात 'पुराण' म्हणतात. भूशास्त्रज्ञ टी. एच. हॉलंड यांनी इथलाच शब्द उचलून इंग्रजीत नेला. विंध्य, कडप्पा, कलादगी ही त्यातली नावं. वणी-कोरपन्याकडचा, सिमेंटला जाणारा चुनखडकही याच कुळातला. विंध्य द्रोणीचे तळचे थर सुमारे १६० कोटी वर्षांचे. तेव्हा झाड नाही, मासा नाही, फक्त सूक्ष्मजीव. तेल-वायूसाठी गाळात जैव पदार्थ गाडला जायला हवा आणि पुढे तो नीट शिजायला हवा. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला तेल, त्यापुढे वायू. इतका जुना माल शिजून, करपून, निसटून गेला असेल असंच पुष्कळांना वाटे. तरी मध्य प्रदेशातल्या दमोहकडच्या विहिरींत या विंध्य खडकांतून वायू लागला. मुंबई हायच्या तोडीचं काही नाही, पण लागला.

नाशिककर
सासऱ्यांना सगळं वाचून दाखवलं. खोरं नाही, गाळाची द्रोणी, हे पटलं. पालथ्या वाटीपाशी मात्र अडले. 'द्रोण आणि वाटी झाली, मग पत्रावळ कुठली?' म्हणाले. आहे का कुणाकडे?