शेतातल्या माणसाला मोबाईल बोलून सोपा की बोटाने?

रावेरवाला:
केळीची कटाई चालू असली की वडिलांच्या हाताला चीक, बोटं खरखरीत, स्क्रीन चारदा दाबली तरी हलत नाही. टचस्क्रीनवर बारीकशी वीज असते, बोट लागलं की तिच्यात होणारा फरक स्क्रीनला कळतो, कातडी जाड कोरडी असली किंवा हात ओला असला की स्क्रीनला बोट नीट सापडतच नाही. त्यापेक्षा "आज केळीचा भाव काय" विचारा, झालं. माझं मत स्पष्ट आहे, गावात व्हॉइसच पाहिजे.

शिरपूरकर:
नाही पटत भाऊ. बोलायचं, पण कोणत्या भाषेत? माझी आई अहिराणी बोलते. तिने विचारलं "केयीना भाव कितला शे", मोबाईलने भलतंच लिहिलं. ळ चा य आमच्या तोंडात लहानपणापासून आहे. मग ती साहेबासमोर बोलावं तशी पुस्तकी मराठी बोलायला लागली, आपल्याच ओट्यावर बसून. मला फार वाईट वाटलं. केळीचं चित्र असलेलं मोठं बटण तिला एकदा दाखवलं की ती विसरत नाही.

रावेरवाला:
मोठं बटण देतं कोण? अँड्रॉइडच्या नियमात बटण निदान 48 डीपी (स्क्रीनवरचं माप) म्हणजे साधारण 9 मिलिमीटर सांगितलंय, तरी कित्येक ॲपमध्ये बारीक बटणं एकमेकांना चिकटलेली.

धुळ्याची_ताई:
ॲप वापरायला सोपं आहे का हे तपासायचंच काम मी करते म्हणून लिहिते. आयएसओ 9241-11 मध्ये, म्हणजे वापरायला सोपं कशाला म्हणायचं ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात, आधी विचारतात कोण वापरतंय, कशासाठी, कुठे, आणि मगच बघतात की काम पुरं झालं का, किती वेळ आणि कष्ट गेले, माणूस समाधानी आहे का. शिरपूरकरांच्या आईंचं काम कदाचित पुरं झालंही असेल, पण भाषा बदलावी लागली तो कष्टच ना, तो मोजलाच पाहिजे. आणि एसीत बसून टेस्ट घेऊ नका, विहिरीवर मोटर चालू असताना घ्या, किती वेळा परत बोलावं लागलं, किती वेळा चुकीचं बटण दाबलं गेलं, सगळं लिहून ठेवा.

रावेरवाला:
हे मान्य. पैसे पाठवायचे असतील तर मीही बोलून करणार नाही, पाचशेचे पाच हजार ऐकले तर काय करायचं? पण भाव विचारायला बोलणंच बरं, चिकाच्या हाताने दुसरं जमतच नाही.

शिरपूरकर:
मग भाव विचारण्याइतकी तरी अहिराणी शिकवा त्याला. तोवर आईला मी बटणच दाखवणार.