लँडलाइन काढून सिमचा राउटर आणि इंटरनेट कॉलिंग: जुने फोन, जुना नंबर टिकवता येतील का?

तबकडी
घरात तांब्याच्या तारेची लँडलाइन आहे आणि ब्रॉडबँडही त्याच तारेवर. दोन्ही काढून ४जी सिमचा राउटर आणि इंटरनेट कॉलिंग घ्यायचा विचार आहे. नंबर तोच हवा. भिंतीतल्या सॉकेटांवर तीन फोन आहेत: एक कॉर्डलेस, एक बटणांचा, एक गोल तबकडीचा. शिवाय चोर-अलार्मचं पॅनेल त्याच लाइनवरून फोन लावतं. राउटर ठेवायच्या जागी मोबाइलला रेंजच्या दोनच काड्या येतात. डाउनलोड २२, अपलोड ३ एमबीपीएस. एवढ्यावर आवाज धड येईल का?

तारजोड
स्पीडची काळजी नको. जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एका कॉलला जाता-येता प्रत्येकी ९० केबीपीएससुद्धा लागत नाहीत. तासभर बोललात तर दोन्ही बाजूंचा मिळून साधारण ८० एमबी डेटा जातो. गोची असते जिटरची, म्हणजे डेटाची पॅकेट कधी लवकर, कधी उशिरा पोचण्याची. रात्री, सगळे नेटवर असतात त्या वेळी, लागोपाठ हजारेक पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारे छोटे संदेश) सोडा. एक टक्क्याहून जास्त पॅकेट गळत असतील किंवा पिंगचा आकडा ३० मिलिसेकंदांहून जास्त वर-खाली होत असेल, तर आवाज तुटणार.

काड्यांवर विसंबू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, डीबीमध्ये) बघा. आरएसआरपी -९५ च्या आसपास असेल तर चालतं, -११० च्या खाली गेलं की रडकथा सुरू. एसआयएनआर १० च्या वर हवा, शून्याजवळ असेल तर राउटरची जागा बदला. वरच्या मजल्यावरची खिडकी सापडली तर राउटर तिथेच ठेवून खाली इथरनेट केबल आणा, ती १०० मीटरपर्यंत चालते. राउटर खाली ठेवून अँटेनाची लांब बारीक केबल वर नेण्यात अर्थ नाही, वरून मिळवलेला सिग्नल त्या केबलमध्येच जिरतो.

आता वायरिंग. जुने फोन इंटरनेटवर चालवायला एटीए नावाची डबी लागते, तिला फोन जोडायचा एफएक्सएस पोर्ट हवा. एफएक्सओ वेगळा, तो बाहेरची लाइन आत घ्यायला असतो. खरेदी करताना इथेच फसगत होते. एफएक्सएसमधून निघालेली वायर भिंतीतल्या कुठल्याही एका सॉकेटात घातली की बाकीचे सॉकेटही जिवंत होतात, कारण ते एकमेकांना समांतर जोडलेले असतात. पण त्याआधी बाहेरून येणारी जोडी जिथे घरात शिरते तिथल्या डबीत दोन्ही तारा सोडवा आणि टोकांना टेप लावा. लाइन बंद झाली म्हणजे तारेत काही नाही असं धरू नका, एक्स्चेंजकडचे ४८ व्होल्ट डीसी राहिलेले असू शकतात आणि त्याने एटीए जळतो. सॉकेटवर मल्टिमीटर शून्य दाखवेल तेव्हाच एटीए जोडा. डीएसएलचे, म्हणजे तारेवरच्या ब्रॉडबँडचे, फिल्टरही काढून टाका.

तबकडीच्या फोनवर येणारा कॉल घेता येईल. त्यावरून नंबर फिरवायचा तर एटीएमध्ये पल्स डायलिंगची (तबकडीचे ठोके ओळखायची) सोय हवी, ती सगळ्यांत नसते. त्याची खरी घंटाही बरीच ताकद खाते. फोनच्या बुडाला आरईएन, म्हणजे घंटेला किती ताकद लागते त्याचा आकडा छापलेला असतो. तिन्ही फोनांची बेरीज एटीएच्या मर्यादेत, म्हणजे बहुधा ३ ते ५ च्या आत बसते का बघा. नाही बसली तर घंटा नुसती कण्हते.

मधलामार्ग
एवढा खटाटोप कशाला? काही सिम-राउटरांना फोनचं भोक असतंच. त्यात फोन खुपसला की कॉल सिमच्या व्हॉइसवरून जातो. एसआयपीची (इंटरनेट कॉल जोडायच्या पद्धतीची) भानगडच नाही, आणि नेटवर्क व्होल्टीईच्या (४जीवरच्या फोनकॉलच्या) आवाजाला डेटापेक्षा अग्रक्रम देतं.

तारजोड
आवाजाच्या बाबतीत मान्य. पण प्रश्न नंबरचा आहे. लँडलाइनचा नंबर मोबाइलच्या सिमवर नेता येतो का, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. इंटरनेट कॉलिंगवाल्याकडे तो जाऊ शकतो का, हेही आधी लेखी विचारून घ्या.

तबकडी
पोर्टिंग करण्याआधी (जुना नंबर नव्या कंपनीकडे नेण्याआधी) तात्पुरत्या नंबरवर एटीए लावून पाहिला. बाहेर फोन लागतो, आवाज स्वच्छ. बाहेरून आलेला कॉल मात्र कधी वाजतो, कधी वाजतच नाही. बँकेच्या मेनूत १-२-३ दाबलेलंही पोचत नाही.

पोर्टपहारेकरी
मोबाइल नेटवर्कवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, अनेक ग्राहक एका पत्त्याआड असतात. एटीए गप्प बसला की नेटवर्क त्याची वाट बंद करतं, काही ठिकाणी तर ३० सेकंदांतच. मग बाहेरचा कॉल दारापर्यंत येऊन परत जातो. खात्री करायची तर घरून एक फोन लावून ठेवून द्या आणि लगेच मोबाइलवरून घरी करा. तेव्हा वाजला आणि पाच मिनिटं काही न करता थांबल्यावर वाजला नाही, तर निदान पक्कं.

एटीएमध्ये कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा संदेश) २० सेकंदांवर आणा, रजिस्ट्रेशनची (सेवा देणाऱ्याकडच्या एटीएच्या नोंदणीची) मुदत ३६०० वरून ३०० सेकंद करा. राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या पॅकेटमध्ये बदल करणारी सोय) बंद करा. ते मदतीला म्हणून येतं आणि पॅकेटमधले पत्ते बिघडवतं. बंद करायची सोय नसेल तर ५०६० पोर्टऐवजी टीएलएसवर (कूटबद्ध जोडणीवर), ५०६१ पोर्टवर जा. मजकूर कूटबद्ध झाला की त्याला ढवळाढवळ करता येत नाही. एका बाजूचाच आवाज आला तर स्टनच्या (एटीएला स्वतःचा बाहेरचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीच्या) मागे लागू नका, अशा नेटवर्कवर बहुतेकदा त्याचा उपयोग होत नाही. एटीएमध्ये सेवा देणाऱ्याचा आउटबाउंड प्रॉक्सी (कॉल ज्यातून जातात तो सर्व्हर) भरा.

मेनूसाठी डीटीएमएफ (बटणांचे सूर) 'इन-बँड'वरून, म्हणजे आवाजातूनच पाठवण्यावरून, आरएफसी २८३३ वर न्या; त्यात ते वेगळ्या संदेशाने जातात.

आणि अपलोड ३ च आहे, तेव्हा फोटोंचा बॅकअप सुरू झाला की पिंग शेकड्यांत जाईल. राउटरमध्ये एसक्यूएम (डेटाची रांग आवरणारी सोय) असेल तर अपलोडला २.४ ची वेसण घाला. ५-१० टक्के कापून भागणार नाही, सिमचा वेग संध्याकाळी हमखास उतरतो.

मधलामार्ग
अलार्म राहिला. पॅनेल सूर पाठवून बोलतं आणि व्हीओआयपीवर, म्हणजे इंटरनेट कॉलिंगवर, ते सूर मोडतात. चाचणीत दहादा लागला तरी अकराव्यांदा लागेल याचा भरवसा नाही. पॅनेलला स्वतःचं सिम मॉड्यूल बसवा.

तारजोड
विजेचंही बघा. लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची. आता राउटर आणि एटीए मिळून १२ वॅटच्या आसपास खातात. १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर चार-पाच तास निघतील. एटीए ५ व्होल्टचा आहे की १२ चा, ते अडॉप्टरवर वाचूनच जोडा. आपत्कालीन नंबरवाल्यांना इंटरनेट कॉलचा पत्ता आपोआप दिसेल असं धरू नका, खात्यात घराचा पत्ता नोंदवा.

आणि लँडलाइन स्वतःहून बंद करायला सांगू नका. चालू लाइनचाच नंबर पोर्ट होतो, आधी बंद केली तर तो हातचा जाऊ शकतो. ब्रॉडबँड त्याच तारेवर असल्याने नंबर गेला की तेही बंद पडू शकतं, म्हणून पोर्टिंगची तारीख सिमवर आठवडाभर सगळं नीट चालल्यावरच घ्या.