मदत हवी आहे: पवनचक्क्यांमधून गावाचा वाटा कसा ठरवतात?

गावाजवळच्या माळावर पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव आहे आणि बैठकीत फायद्यांची बाजू मला मांडायची आहे. पर्यावरणाचं बोलता येईल: धूर नाही, औष्णिक केंद्रासारखं थंड करायला पाणी लागत नाही, खांबाभोवती शेती-चराई चालू राहते.

अडतंय ते पैशापाशी. ज्याच्या रानात चक्की त्याला भाडं, मग शेजाऱ्याला काय, नुसती घरघर? डेन्मार्कमध्ये २००० साली उभ्या राहिलेल्या मिडेलग्रुंडेनच्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या लोकांच्या सहकारी संस्थेच्या होत्या (तो प्रकल्प समुद्रात आहे, मान्य). जमिनीवर अशी भागीदारी किंवा गावनिधीचा करार कुणी केलाय का? कोणत्या अटी आधीच लिहून घ्याव्यात? वीसपंचवीस वर्षांनी चक्क्या उतरवायचा खर्च कुणाच्या माथी, तेही सांगा.