मनन की चिंतन? रोजच्या कवितेसाठी नेमका शब्द

काठपदर
रोज सकाळी चार ओळी कवितेच्या वाचायच्या आणि दहा-पंधरा मिनिटं त्यांच्यातच राहायचं, अशा सवयीसाठी शब्द हवा आहे. वाचन मंडळाच्या पत्रकावर छापायचा आहे. 'काव्यचिंतन' हा शब्द पुढे आला आहे. 'रसग्रहण' म्हटलं की परीक्षेचा पेपर डोळ्यांपुढे येतो. मनन आणि चिंतन हे समानार्थी आहेत की त्यांत काही फरक आहे? आणि ही सवय नेमकी चालवायची कशी, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

अन्वय
समानार्थी नाहीत. कोशात जवळजवळ बसतात एवढंच. वापरात तपासून पाहा. 'आत्मचिंतन' म्हणतो, 'आत्ममनन' कुणी म्हणत नाही. 'चिंतन शिबीर' भरतं, मननाचं शिबीर भरत नाही. उलट व्याख्यान 'मननीय' होतं.

चिंतनाला विषय लागतो: देश, मृत्यू, शेती, काहीही. तो विषय धरून मन कुठेही जाऊ शकतं. मननाला आधी ऐकलेलं किंवा वाचलेलं काहीतरी हातात असावं लागतं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात तो क्रमच तसा आहे: आधी श्रोतव्य (ऐकावं), मग मन्तव्य (मनन करावं), मग निदिध्यासितव्य (सतत ध्यान करावं). श्रवण झाल्याशिवाय मनन नाही.

शिवाय चिंतन आणि चिंता एकाच धातूची लेकरं. कवितेची ओळ सोडून मन आपल्याच विवंचनेत शिरलं, तर ते चिंतन म्हणून चालेल, मनन म्हणून नाही. रोजच्या सवयीत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. ओळ वाचली, 'एकांत' शब्द आला, आणि पुढची दहा मिनिटं माणूस स्वतःच्या एकटेपणाचा विचार करत बसला. कविता कधीच मागे पडलेली असते. म्हणून पत्रकावर 'मनन' हाच शब्द यावा असं माझं ठाम मत आहे.

रानवाट
'ध्यास' का नको? तिसरी पायरीच ती.

अन्वय
ध्यास आता फार पुढे गेला आहे. मूळ शब्द 'निदिध्यास', ध्यै धातूचं इच्छादर्शक रूप, म्हणजे ध्यान करण्याची ओढ. मराठीने 'निदि' गाळून 'ध्यास' ठेवला. आज ध्यास लागतो तो यशाचा, संगीताचा, शिखर सर करण्याचा. सकाळच्या पंधरा मिनिटांना तो पेलणार नाही.

जुनीपोथी
'रवंथ' हा शब्दही विचारात घ्यावा. संस्कृत रोमंथावरून आलेला, आणि गोठ्यात रोज दिसणारा. गाय आधी भराभर गिळते, मग बसून तेच वर आणते आणि चावते. पाठ केलेल्या ओळीचं अगदी हेच होतं. काव्यशास्त्रातही रसाच्या आस्वादाला 'चर्वणा' म्हणतात. 'चर्वितचर्वण' मात्र निंदेचा शब्द, म्हणजे दुसऱ्याचं चावलेलं पुन्हा चघळणं. कविता वाचायच्या आधी तिचं रसग्रहण वाचलं की हातून तेच घडतं. त्यामुळे मंडळाने टीप द्यायची असेल तर ती शेवटच्या दिवशी द्यावी.

काठपदर
'रवंथ' मनाला फार भावला, पण पत्रकाच्या मथळ्यात चमत्कारिक दिसेल. मनन घेते. आता पद्धत सांगा. सुरुवातीला तुकोबांचा 'वृक्षवल्ली आम्हां' घ्यायचं ठरतं आहे.

अन्वय
निवड उत्तम. गाथेत या अभंगाला पाच क्रमांक आणि एक ध्रुपद (म्हणजे पालुपद) आहे, मिळून सहा कडवी. रोज एकच घ्या. सहा दिवसांत अभंग होतो, सातव्या दिवशी सबंध म्हणायचा.

पहिल्या दिवशी:

वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें ।
पक्षी ही सुस्वरें आळविती ॥

आधी दोनदा मोठ्याने म्हणा, चालीत नको. चाल ओळखीची असली की जीभ पुढे पळते आणि अर्थ मागे राहतो. या अभंगाचा सगळ्यात मोठा धोका तोच, कारण चाल सगळ्यांच्या कानात बसलेली आहे.

मग अन्वय लावा, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने मांडा: वृक्ष, वेली आणि वनचरं आम्हांला सोयरी आहेत, पक्षीही सुस्वराने आळवतात. इथे थांबून पाहा. 'वनचरें' आणि 'सुस्वरें' यांचं यमक जुळतं, पण विभक्ती वेगळ्या. पहिलं नपुंसकलिंगी अनेकवचन, प्रथमा, दुसरं तृतीया. हे न कळता वाचलं तर 'सुस्वरें' म्हणजे पक्ष्यांचं विशेषण वाटतं. आणि 'सोयरीं'कडे लक्ष द्या. सोयरा म्हणजे संबंध जुळून झालेला नातेवाईक. सगा नव्हे, सोयरा. झाडांशी रक्ताचं नातं आहे असा दावा इथे नाही. नातं जोडलेलं आहे. एवढ्या एका शब्दावर दिवस जातो.

त्यानंतर पुस्तक मिटून कडवं वहीत आठवणीने लिहा. जिथे चुकलात तो शब्द त्या दिवसाचा. बहुधा आपण जुना शब्द काढून आपला सोपा शब्द घातलेला असतो.

मात्रावृत्त
अक्षरं मोजण्याचाही सराव करावा, दोन मिनिटं पुरतात. हा छंद 'मोठा अभंग', त्याच्या चार चरणांत अक्षरं 6, 6, 6, 4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. 'येणें सुखें रुचे / एकांताचा वास / नाहीं गुण दोष / अंगा येत', काटेकोर बसतं. वरच्या कडव्यात मात्र 'सोयरीं वनचरें' सात भरतात. 'वन्चरें' असं म्हणा, सहा होतील. मोजताना अडखळलं की समजावं, उच्चार लिपीपासून सुटला आहे. जोडाक्षर एकच धरायचं, हे नवीन माणूस हमखास विसरतो.

जुनीपोथी
ओळखीचे दिसणारे शब्द जास्त फसवतात, अनोळखी नाही. 'एकांताचा वास' मधला वास म्हणजे राहणं, वस्ती. रानाचा गंध नव्हे. 'येणें सुखें' म्हणजे या सुखाने, 'येण्याचं सुख' नव्हे. 'हरिकथा भोजन परवडी विस्तार' मधली परवडी म्हणजे प्रकार, तऱ्हा. परवडण्याशी तिचा संबंध जोडू नये. शंका आली तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढावा, सात खंड, 1932 ते 1938. त्याहून जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा 1999 चा कोश. कोश मात्र शेवटी उघडावा, आधी अर्थाचा अंदाज वहीत लिहून. अंदाज चुकला की शब्द कायमचा लक्षात राहतो.

रानवाट
एक राहिलं. रोजच्या कामाला कविता जोडण्याची सवय आपल्याकडे जुनीच आहे: जात्यावरची ओवी. मूठभर दाणे वैरायचे, खुंटा फिरवायचा, एक ओवी. पुन्हा मूठ, पुढची ओवी. ओवीचा सगळ्यात जुना उल्लेखही दळणाचाच आहे ना?

मात्रावृत्त
दळणाचा नाही, कांडणाचा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात, शके 1051 म्हणजे 1129 मध्ये, 'महाराष्ट्रेषु योषिद्भिः ओवी गेया तु कण्डने' असं येतं. कण्डन म्हणजे उखळातलं कांडण. तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. वेळ घड्याळाला बांधली की दोन आठवड्यांत सुटते, कामाला बांधली की टिकते. चहाचं आधण ठेवलं की कालचं कडवं म्हणायचं, उकळी येईपर्यंत. त्याला 'उजळणी' हाच शब्द योग्य. भांडं उजळतात तसं, घासून पुन्हा लख्ख करायचं.

अन्वय
सहाव्या दिवसाबद्दल थोडं. 'तुका म्हणे होय मनासी संवाद / आपुलाचि वाद आपणांसी.' आपण इथे ज्या शब्दाच्या शोधात आहोत, तो तुकोबांनी देऊन ठेवला आहे. वाद म्हणजे भांडण असं घेऊ नका. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार. जिंकण्यासाठी जल्प, नुसतं खोडण्यासाठी वितंडा, आणि खरं काय ते कळावं म्हणून वाद. त्या दिवशी वहीत एक प्रश्न लिहा आणि खाली त्याचं उत्तर, दोन्ही आपणच. प्रश्न कडव्यातूनच आलेला हवा: एकांत रुचतो म्हटल्यावर मग संवाद कुणाशी?

काठपदर
मथळा पक्का केला: 'मनासी संवाद', खाली लहान अक्षरांत 'रोजचं काव्यमनन'. एक अडचण आहे. मुद्रितशोधकांनी सगळे अनुस्वार काढून 'येणे सुखे', 'सुस्वरे' केलं आहे. नियमाप्रमाणे बरोबर आहे असं त्यांचं म्हणणं.

जुनीपोथी
नियमाप्रमाणेच चूक आहे. अनुच्चारित (उच्चारात नसलेले) अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी बंद केले, पण त्याच महामंडळाच्या नियमावलीत केशवसुतपूर्वकालीन पद्य मूळानुसार छापावं असंही म्हटलं आहे. त्यांना तो नियम दाखवा. 'सुखें' वरचा टिंब गेला की तृतीया ओळखायची खूण गेली, आणि 'सुखे' हे अनेकवचन वाटून वाचणारा दुसऱ्याच दिवशी अन्वयात अडकेल. 'सोयरीं', 'आम्हां', 'नाहीं', 'आपणांसी' हेही तपासून घ्या.