प्रतिसाद: फार्गोचा दुसरा सीझनच भारी

फार्गो या अमेरिकन गुन्हेगारी मालिकेचा पहिला सीझन सर्वोत्तम आणि चौथा वाया गेला, असं वर कुणीतरी म्हटलंय; त्यातलं दुसरं अर्धं मान्य. चौथ्यातलं १९५०चं कॅन्सस सिटी दिसतं झकास, पण पात्रांची इतकी गर्दी की कोण मेलं तरी काही वाटत नाही.

पहिल्यात भाडोत्री खुनी माल्वो जबरदस्तच. पण माझं मत दुसऱ्याला. पेगी माणसाला गाडीनं उडवते, तो काचेत अडकलेला असतानाच गाडी घरी आणून गॅरेजमध्ये लावते आणि आत जाऊन नवऱ्याला गरमागरम जेवण वाढते! नवरा खाटीक, त्यामुळे पुढे प्रेताचं काय होतं ते जेवताना बघू नका (मी बघितलं). शिवाय पहिल्या सीझनमधला म्हातारा माजी पोलीस लू ज्या सू फॉल्स शहरातल्या प्रकरणाचा नुसता उल्लेख करतो, ते १९७९चं सगळं इथे उलगडतं. म्हणून पहिला बघून लगेच दुसरा घ्या, मजा दुप्पट.

तिसऱ्याला मात्र सगळे उगाच झोडपतात. इवन मॅकग्रेगरचा डबल रोल सोडा, तो खलनायक वार्गा किडके दात कोरायला लागला की अंगावर काटा येतो राव.

आणि हो, 'ही सत्यकथा आहे' ही सुरुवातीची पाटी निव्वळ थाप आहे. मी पहिल्यांदा गूगल करत बसलो होतो.